ठेक्यात चालणारी जागा

इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या शाळेच्या कार पार्कमध्ये बँडचा सराव चालू होता, तिथे मी भांडायलाच गेलो होतो. माझी मुलगी बँडमध्ये इतका सुंदर झेंडा फिरवते, तरी सलग दुसऱ्या वर्षी तिला मागच्या रांगेत टाकलं होतं. मार्चिंग बँडच्या हालचाली बसवणारी बाई साठीतली होती. गळ्यात शिट्टी, बोलतानाही मांडीवर बोटांनी ठेका मोजत राहायची.

"पुढच्या रांगेत एक जागा रिकामी आहे. ती माझ्या मुलीला द्या," मी आवाज चढवला.

"बाबा, प्लीज, नको ना!" मुलगी मागून कुजबुजली.

"रिकामी नाही ती," बाई म्हणाली. "तिथे चालणाऱ्या मुलीचा हात मोडलाय. ती परत येईपर्यंत तिची जागा आमच्याबरोबर चालते. बघा."

शिट्टी वाजली, ड्रम सुरू झाले. चाळीस जण एकदम वळले, झेंडे उडाले, आणि त्या सगळ्यांमधून माणसाएवढी ती मोकळी जागा ठेक्यात निघाली. कुणाचा धक्का तिला लागला नाही. तिच्यापाशी आलेले झेंडेही वळसा घालून जात होते.

मी शून्यातून धंदा उभा केलाय, कुणाचा पहिला नकार कधी मानला नाही. पण ती जागा सरळ माझ्या दिशेने येऊ लागली, तेव्हा मी गुपचूप बाजूला झालो.