अंगणवाडीवर झुकलेला लिंब

आमच्या गावात माझ्या जन्माआधीपासून कुऱ्हाडबंदी आहे. ती यावी म्हणून वडिलांनी पत्रकं लिहिली, छापून आणली, तालुकाभर पायी फिरून वाटली. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली आणि पुढे स्वतःही लिहू लागले. हिरव्या झाडावर हात टाकणाऱ्याला माझ्या पत्रकात माफी नसायची. आजही नाही. त्यामुळे मी झाडं पाडायला शिकले हे कळल्यावर काही जण हसले. हसू देत.

अंगणवाडीमागचा कडुलिंब शेंड्याकडून वाळत आला होता. दोन उन्हाळे आम्ही पालवीची वाट पाहिली. मग एका दुपारी मांडीएवढी फांदी अंगणवाडीच्या पत्र्यावर पडली. आत मुलं खिचडी खात होती. कुणाला लागलं नाही, पण सेविकाबाईंनी त्याच दिवशी मुलं देवळाच्या ओट्यावर हलवली. तिथं ना भिंत, ना नळ, आणि समोरून ट्रॅक्टर जातात.

ग्रामसभेनं लिंब उतरवायचा ठराव केला. ठेकेदार आला, बघून म्हणाला, एकासाठी गाडी परवडत नाही, रस्त्याकडेची चार हिरवी झाडं द्या. त्याला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो गेला आणि मग लक्षात आलं, की झाड कसं पाडायचं हे गावात माझ्या वयाच्या कुणालाच येत नाही. ज्यांना येत होतं ते म्हातारे झाले होते.

शेवगावला माझे मामा पंप आणि इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी भंगारातली एक चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, उभी केली होती. पिस्टन नवा, कार्बोरेटर दुसऱ्याच मशीनचा, मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी.

"मशीन देतो, पण दोन महिने उभ्या झाडाकडं बघायचंबी न्हाई," मामा म्हणाले. "आडव्या लाकडावर शिक."

मी वाळलेल्या बाभळीचे ओंडके कापले. पात्याच्या टोकानं कापू नको, मशीन उलटून तोंडावर येतं. खांद्याच्या वर उचलू नको. दोन पावलं चालायची तरी साखळीचा ब्रेक लाव. मी विसरले की मामा मशीन बंद करून खाली बसायचे आणि तंबाखू मळायचे. ओरडायचे नाहीत. 

मग आमच्या गावच्या बांधांवरची वाळकी झाडं. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी तिरपी खाच. मग मागून काप, पण आरपार नाही. मधे तीन बोटांची पट्टी ठेवायची. मामा तिला बिजागरी म्हणत. झाड तिच्यावर दारासारखं वळतं. "आणि मेलेल्या झाडाखाली आधी वर बघ. खोड पडतं तिकडं पडतं, वाळकी फांदी डोक्यात येते."

वडील या सगळ्यात नव्हते. ठरावावर त्यांनी सही केली होती, पण चेनसॉचा आवाज आला की ते घरात जाऊन दार लावून घेत. 

लिंबाच्या दिवशी सकाळीच लोकांना लांब उभं केलं. उंच फांदीला दोर बांधून दुसरं टोक शेतात, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर चार माणसांच्या हातात दिलं. पळायची वाट मी स्वतः झाडून घेतली. हेल्मेट घातलं आणि गुडघ्याच्या उंचीवर खाच घ्यायला सुरुवात केली.

पातं चार बोटं आत गेलं आणि ठिणग्या उडाल्या. मशीन हातात उसळलं. ब्रेक आपोआप लागला. तो मामांनी नीट बसवला होता म्हणून मी हे लिहिते आहे.

मामांनी खाचेत बोट घातलं. आतलं लाकूड काळं पडलं होतं. "खिळा हाय. कुणी मारला?"

मला माहीत होतं. कुऱ्हाडबंदीच्या पहिल्या वर्षी वडिलांनी गावातल्या प्रत्येक मोठ्या झाडाला 'मला तोडू नका' अशी पत्र्याची पाटी ठोकली होती. लोक पाट्या उंच लावतात. त्यांनी खाली, बुंध्याशी लावल्या. जिथं घाव पडतो तिथंच पाटी हवी, म्हणजे कुऱ्हाड पत्र्यावर खणकेल. पत्रे कधीच गंजून गेले. खिळे झाडानं गिळले होते.

मामांनी साखळी बदलली, पण मशीन माझ्या हातात दिलं नाही. "खिळे कुठं हायत कळल्याबिगर न्हाई. आन खाच पाडून सोडताबी यायचं न्हाई. दुपारी वारा सुटतो, आन झुकलंय अंगणवाडीकडं."

मी घरी गेले. दार लोटलं.

"आबा, खिळे किती मारले होते?"

 वडिलांनी माझ्या बाहीवरचा भुसा बघितला. मग चपला घालून निघाले.

मामांनी टोमणा मारलाच. "या दाजी. तुमच्या पत्रकानं माझी साखळी खाल्ली."

"पाहुणं, ती पाटी तुमच्यासारख्यासाठीच हुती," वडील म्हणाले.

त्यांनी दोन्ही तळवे बुंध्यावर ठेवले आणि हळूहळू फिरले, वासरू चाचपावं तसे. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन एकेक ठिपका लावत गेले. "हितं दोन. हितं दोन. पाटी निखळली तवा छातीशी परत मारली, ते हे दोन. मधी काय न्हाई."

"नक्की?" मी विचारलं.

"रोज बघत हुतो त्याच्याकडं."

मी कमरेच्या उंचीवर नवी खाच घेतली. मामांचा हात माझ्या पाठीवर होता. मागून काप घेतला, बिजागरी ठेवली, ब्रेक लावला, मागे सरले. माणसांनी दोर ओढला. लिंब आधी कुरकुरला, मग दारासारखा वळला आणि मोकळ्या शेतात आडवा झाला. अंगणवाडीच्या पत्र्यावर फक्त धूळ उडाली. सेविकाबाई कुलूप उघडायला गेल्या. सोमवारपासून मुलं परत आत बसतील असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

वडील बुंध्याशी बसले होते. चुन्याच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत होते. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात उलटा केला, तळव्यावरचे फोड बघितले.

"दुखतं?"

"थोडं."

"रस्त्याकडच्या झाडांस्नीबी खिळे मारल्यात मी. जिती हायत ती," ते म्हणाले. "पण कवातरी मरतील. आन तवा तूच असशील मशीन घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पक्कड, चुन्याचं डबडं आणि एक जुनी वही घेऊन अंगणात उभे होते. निघतील ते खिळे काढायचे. आत गेलेत त्यांची जागा झाडवार लिहून ठेवायची.

"अक्षर तुझं चांगलं हाय," त्यांनी वही माझ्या हातात दिली. "मी सांगतो, तू लिही."