अकरा तोळ्यांची साल

“धुतल्याबिगर माल गिऱ्हाइकासमोर ठिवू नाई, बाबूजी,” असं म्हणून तो मुळ्याची जुडी झटकायचा आणि शिंतोडे माझ्या धोतरावर उडायचे. तेल्हाऱ्याच्या बाजारात मी तोलाईचा कारकून. हिवरखेडचा हा माळी माझ्या समोरच भाजी मांडायचा. वांग्याच्या देठाखालची मातीसुद्धा पुसणारा असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

त्याच्या मळ्यातल्या विहिरीला कातळ लागला होता. पाणी आटत चाललं होतं. सुरुंग लावून कातळ फोडला नाही तर मळा जाणार होता आणि सुरुंगापुरते पैसे त्याच्याजवळ नव्हते. अशात एका दुपारी मोठा आवाज झाला आणि त्याच्या कांद्याच्या वाफ्यात आकाशातून एक काळा दगड येऊन पडला.

तो दगड त्याने माझ्याकडे आणला. मी तोलला. तीन शेर चौदा तोळे. सोनाराने कसोटीवर घासून परत दिला. “याच्यापेक्षा तुही वांगी बरी,” म्हणाला. अमरावतीच्या कॉलेजातले एक प्रोफेसर माझ्या माहितीचे होते. असे दगड विकत घेणारा एक साहेब त्यांच्या ओळखीचा होता. पुढच्या रविवारी जायचं ठरलं.

रविवारी त्याने फडकं सोडलं. दगड राखाडी, लख्ख. सवयीने मी पुन्हा तोलला. अकरा तोळे कमी भरला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

अमरावतीला प्रोफेसरांनी दगड फिरवून पाहिला.

“याची काळी साल कुठे गेली?”

“काढली ना, साहेब. आठ दिवस घासून रायलो होतो. चिंचेचं पानी अन् ईट.”

“अहो, हा जळत आला त्याची तीच खूण होती. दगड घेणारा साहेब सालीचे पैसे देतो, वजनाचे नाही. आता हा आकाशातला, हे त्याला कशावरून पटवू?”

“मी पायला ना पडतानी.”

“तुम्ही पाहिलात. त्याने नाही.”

परतताना तो म्हणाला, “अकरा तोळे म्हंजे किती होते, बाबूजी?”

“मूठभर,” मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची जागा रिकामी दिसली. मी हिवरखेडला गेलो. तो कापसाच्या जिनात मजुरीला गेला होता. बायकोला दगडाचं विचारलं.

“इहिरीत टाकला त्यायनं.”

“का?”

“मंग काय करतो आमी त्याचं?”

मी विहिरीत वाकून पाहिलं. पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी कितीतरी दगड पडले होते, सगळे राखाडी. त्यांतला त्याचा कोणता, ते मला सांगता आलं नाही.