वरून टाकलेला पेढा

पेढा वरून आला. हातभर उंचीवरून. मी झेलला.

झेलणारच की! गोलकीपर माणूस. वरून काही आलं की हात आपोआप पुढे जातात, डोक्याला विचारत बसत नाहीत. खंडेनवमीचा दिवस होता. कापड विणायचे लूम बंद, त्यांना झेंडूच्या माळा. कारखान्याच्या पडवीत आमची अख्खी फुटबॉलची टीम रांगेत उभी. मालकाची आई ताट घेऊन पुढे सरकत होती. प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवत होती. माझ्यापाशी आली, पदर आवरून धरला, हात उंच केला आणि पेढा सोडला.

मालक खूश. म्हणाला, "बघा, बघा! आमच्या गोलीच्या हातून काही सुटतंय का?"

सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो. त्याच आठवड्यात फायनलला भर उन्हात मी पेनल्टी अडवली होती. ती शील्ड माझ्या या हातांनी पडवीत आणली होती, आणि या हातांना शिवायला त्या बाईला नको होतं.

मी गोलकीपर कसा झालो तेही ऐका. आमचं गाव भिवंडीजवळ, वडप्याच्या बाजूला. भात कापून झालं की मोकळ्या शेतात पोरं बॉल खेळायची. माणसं कमी पडायची, म्हणून आमच्या बुद्धवाड्यातला मी त्यांना चालायचो. पण खेळात अंगाला अंग लागणार. घरी कळलं तर आया बाहेरच आंघोळ घालणार. मग त्यांनी शक्कल काढली. "तू गोलात उभा र्‍हा. इकडं यायचं न्हाय." दोन बांबूंच्या मधे मला उभं केलं, सगळ्यांपासून लांब.

काय पण हुशारी! शिवाशीव नको म्हणून मला नेमकं त्या जागी ठेवलं, जिथं बॉलला हात लावायची मुभा एकट्या मला. माझ्या हातातला बॉल सबंध दिवस त्यांच्या पायांना, छातीला, कपाळाला लागत होता. कोणी बाटलं नाही. कोणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मी मात्र वरून येणारा बॉल झेलायला तिथंच शिकलो.

त्याच जोरावर भिवंडीत लूमच्या कारखान्यात लागलो. मालकाला फुटबॉलचा भारी नाद. नावाला मी हेल्पर, पण पगार खरा गोलीचा. मॅच असली की शिफ्ट माफ. पेढ्याच्या त्याच दिवशी मालक म्हणाला, "पुढच्या वर्षी शील्ड राख. इथंच सगळ्यांसमोर तुला पर्मनंट करतो."

पर्मनंट! आई वीटभट्टीवर विटा वाहायची. बाप नव्हता. मी पर्मनंट झालो की तिची भट्टी सुटणार होती.

पेढा घरी नेला. आईनं आधी पेढ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हातात दिला का वरून टाकला?"

"वरून."

 तिला सगळं ठाऊक होतं, तिचा जन्मच त्यात गेला होता. पेढा चुलीपाशी ठेवून दिला. त्याला मुंग्या लागल्या, पण आम्ही दोघांनी हात लावला नाही. झोपताना म्हणाली, "आधी पर्मनंट हो. मंग काय बोलायचं ते बोल."

ते वर्ष वाईट गेलं. कॉर्नरला बॉल वरून आला की मला पेढा दिसायचा. हात बॉल धरायचे आणि कानात मालकाचं हसणं. मुश्ताक आमचा बॅक, आझमगढचा विणकर. माझ्या शेजारच्याच लूमवर होता. एकदा डबा खाताना त्यानं पेढ्याबद्दल विचारलं, "तूने पकड़ा क्यों?"

मी म्हणालो, "गिर जाता ना."

"तो गिरने देता."

बस, एवढंच बोलला आणि भाकरी मोडायला लागला. मी डबा बंद केला.

दुसऱ्या वर्षीही शील्ड आम्हीच राखली. माझं बोट फायनलला फाटलं होतं, पट्टी बांधून खंडेनवमीच्या पूजेला गेलो. आम्ही बौद्ध, आम्हाला त्या पूजेचं काय? पण पर्मनंटचा दिवस होता. लूममधून सूत नेणाऱ्या धोट्यांच्या शेजारी मॅचचा बॉल मांडला होता. मालकाच्या आईनं फक्त बॉलवर गोमूत्र शिंपडलं. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मालकानं माझ्याकडं बोट केलं. "आजपासून हा पर्मनंट! घे रे, तोंड गोड कर."

बाई आली. हात उंच गेला.

माझे हात उसळले. खरं सांगतो, उसळले. मी ते मांड्यांवर दाबून धरले. पेढा माझ्या पायावर आपटला आणि घरंगळत पडवीलगतच्या लूमखाली, कापसाच्या धुळीत गेला.

बाईनं हात मागे घेतला.

"अरे, झेलला नाहीस?" मालक म्हणाला.

"नाही झेलला. द्यायचा तर हातात द्या."

"माजलास काय रे? उचल तो!"

मी वाकलो नाही. मुश्ताकच्या तोंडात पेढा होता. तो खाली बघत होता. त्याची पाच पोरं गावाला होती, मला कळतं. तरी तेव्हा त्याचा राग आला. थोडा आजही आहे.

"उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाला. मी चपला घातल्या आणि निघालो.

घरी आई दारातच होती. "झालास पर्मनंट?"

"न्हाय. त्यांनी वरून टाकला. मी झेलला न्हाय."

तिनं माझ्या बोटाची पट्टी सोडून नवी बांधली. बरं केलंस, असं काही ती म्हणाली नाही. सकाळी तिनं खिळ्यावरची चुंबळ काढली, भट्टीला निघाली. दारातून वळून एवढंच म्हणाली, "मंग आता कंदी झेलू नको."

त्यानंतर मी बरीच वर्षं खेळलो. ठाण्याकडच्या कारखान्यांनी बोलावलं, कुणी बरा पगार दिला, कुणी फसवलं. जिथं गेलो तिथं पहिल्याच दिवशी सांगितलं: पगार, पाणी, प्रसाद, जे द्यायचं ते हातात द्या. दोन ठिकाणी त्यावरून हाकलला गेलो. गेलो. आईची भट्टी मात्र शेवटपर्यंत सुटली नाही, आणि ते मी कोणाला माफ केलेलं नाही.

आज हात थरथरतात. तरी बॉल मारा, कुठूनही मारा, झेलीन. दुसरं काही वरून टाकाल तर ते तुमच्याच पायाशी पडेल. उचलायला तुम्हीच वाका.