ब्यारे माड्री

माझ्या सासऱ्यांना घरात सगळेच अप्पा म्हणतात. त्यांची सगळी नोकरी अळणावरला लाकडाच्या वखारीत झाली, आणि वखारीची जीप तेच चालवायचे. त्यामुळे माझ्या छोट्या मोटारीबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. तरी पुढून डावीकडे टकटक येते म्हटल्यावर दुखण्याचं निदान त्यांनीच केलं. मला सुभाष रोडपर्यंत गाडी चालवायला लावली, स्वतः डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प. एकच खड्ड्यात गेलं की बोलतंय. गॅरेजात टाक."

टाकली. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना मेकॅनिकचा फोन आला. खाली दोन भाग गंजून एकमेकांत अडकलेत, काय करू म्हणाला. मी कन्नडमध्ये सांगून टाकलं, "ब्यारे माड्री. हळेदु बिट्टबिड्री." वेगळं करा, जुनं सोडून द्या.

ब्यारे म्हणजे वेगळं, एवढंच. पण आमच्या कानडी मुलखात मराठी घरातसुद्धा मुलगा-सून ब्यारे झाले म्हटलं की चूल वेगळी झाली, असंच समजतात. आणि अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. चहात साखर कमी पडली तरी तक्रार नाही, यावरूनच मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कधी जाताय?"

माझं धाबं दणाणलं, कारण आम्ही खरंच जाणार होतो. माझं कॉलेज हुबळीत, नवऱ्याचं ऑफिस त्याच्याही पलीकडे, म्हणून वाटेवर रायापूरला भाड्याचं घर बघून ठेवलं होतं. अप्पांना सांगायचं काम तो माझ्यावर आणि मी त्याच्यावर ढकलत महिना काढला होता. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. अप्पा आपलं घर सोडणार नाहीत, म्हणजे त्यांना एकटं टाकून जायचं, हे दोघांनाही माहीत होतं.

"गॅरेजात ना? आत्ताच," मी म्हटलं. भित्री बाई, दुसरं काय. ते चप्पल घालून माझ्याबरोबर निघाले.

गॅरेजात गाडी वर उचललेली होती. मेकॅनिकने हौसेने दाखवलं. "जीपला दोन चाकांत एकच आडवा लोखंडी दांडा असतो, अप्पा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरकं. हिची पुढची चाकं ब्यारे ब्यारे. प्रत्येकाला आपला हात, आपली स्प्रिंग, आपला शॉकअप. ह्याला धक्का बसला तर तो ह्याच्यापाशीच जिरतो." मग मला म्हणाला, "परवा तुम्ही ब्यारे माड्री म्हणालात अक्का, हा तुकडा काढायला फार झटावं लागलं." त्याने वीतभर गंजकी सळई पुढे केली.

अप्पांनी सळईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा एकदम उजळला. "म्हणजे तू गाडीचं बोलत होतीस?"

होय की, म्हटलं असतं तर सुटले असते. निदान महिनाभर तरी. पण त्या चेहऱ्याशी खोटं बोलवेना. "फोन गाडीचाच होता, अप्पा. पण रायापूरला घर बघितलंय, तेही खरं आहे. सांगायचं धाडस होत नव्हतं."

ते बराच वेळ सळई रुमालाने पुसत राहिले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता. मग त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "सगळं ब्यारे आहे म्हणतोस, तर हे काय?"

"ही बॅलन्स रॉडची लिंक, रॉड चाकाला जोडते. रॉड दोन्ही चाकांना धरून असतो. दोन्ही एकदम वर गेली तर त्याला काही काम नाही. एकच वर गेलं की तो पिळतो, दुसऱ्याला थोडं ओढतो."

"काढून टाकला तर गाडी चालत नाही?"

"चालते की. वळणावर फार कलते."

अप्पांनी मान हलवली आणि सळई खिशात घातली.

नवी लिंक बसवून परत येताना मीच गाडी चालवत होते. "त्या घरात मला एखादा दिवस राहायला खोली आहे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे. घर बघताना तीच आधी बघितली." हे खरं होतं. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"रस्त्याकडे बघ," ते म्हणाले, आणि तेवढ्यात माझ्या बाजूचं चाक खड्ड्यात गेलं. टकटक झाली नाही. मी डोळे पुसत विचारलं, "तुमच्या बाजूला काही कळलं?"

"थोडं कळलं," अप्पा म्हणाले. "तेवढं कळायलाच हवं."