थैल्यातला वर्ग

नागपूरकडच्या गोरेगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांना खेटून एक कॉलेज आहे. तिथे अर्थशास्त्र शिकवायला प्रा. हेमेंद्र कटरे नेमलेले आहेत. नेमलेले आहेत एवढंच म्हणायचं. शिकवतात असं म्हणायची हिंमत त्यांच्या बायकोलाही होणार नाही. कुडव्याहून मोटारसायकलवर येतात, स्टाफरूममध्ये कंगवा फिरवतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. ही गोष्ट खरं तर रीता टेंभुर्णेची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या पोरीची. पण सरांचं नाव आधी घ्यावं लागलं, कारण त्या कॉलेजात सगळीकडे त्यांचंच नाव आधी येतं.

सरांनी कुठल्याशा कार्यशाळेतून एक ॲप आणलं. विद्यार्थ्याने आवारात येऊन फोनवर बटण दाबलं की हजेरी लागली. धडा ॲपवर, प्रश्न ॲपवर, उत्तरंही ॲपवर. "वर्ग आता खिशात आला," असं सर ज्याला त्याला सांगत सुटले. धड्याच्या व्हिडिओत होतं काय? सर पुस्तक समोर धरून वाचायचे, मध्येच पंखा घरघरायचा आणि मागणीचा नियम त्या घरघरीत वाहून जायचा. याला म्हणे नवं शिक्षण!

रीताकडे फोन नव्हता. घरातला एकुलता एक स्मार्टफोन तिचा भाऊ हैदराबादला कामाला जाताना घेऊन गेला, आणि आई धुरपताबाईंकडे होता तो बटणांचा. पहिल्याच दिवशी ती उभी राहिली.

"सर, माझ्याजवळ फोन नाई."

"मग हजेरी कशी लागेल?"

"मी इथं बसून आहो ना, सर. तुमाले दिसून नाई राहिली का?"

"मला दिसून काय उपयोग? सिस्टीमला दिसायला पाहिजे." मग पोरं हसायला लागली तसे सर उदार झाले. "बरं, तू येत जा. तुझी हजेरी शेवटी मी हाताने टाकतो."

हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत, हे रीताला पक्कं ठाऊक होतं. टेंभुर्ण्यांच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. हे वर्ष पार करायचंच, असं तिने ठरवलेलं. सरांनी शब्द दिला, तिने तो खरा मानला. चूक म्हणायची तर तिची हीच.

आषाढात धानाची रोवणी लागली, घरोघरची माणसं चिखलात उतरली. तिची मैत्रीण अल्का एका सकाळी फुटक्या काचेचा जुना फोन घेऊन दारात उभी.

"रीता, माय एकटी रोवणीले पुरत नाई वं. हा घेऊन जा. ॲप टाकलं आहे यात. बटण दाबशील फक्त."

"आन सरानं पायलं तर?"

"सर वर पायतेत काय कधी?"

ते काही खोटं नव्हतं. रीताने फोन नेला. दुसऱ्या दिवशी ओमेशचा आला, मग त्याच्या चुलतभावाचा. जुना, टाकून दिलेला, आवाज गेलेला, काच फुटलेला एखादा फोन कोणत्या घरात नसतो? बघता बघता अख्खा वर्ग तिच्या थैल्यात येऊन बसला. ती सायकलला थैला अडकवून कॉलेजात जायची, एकेका फोनची हजेरी लावायची आणि मुलींच्या खोलीतल्या बोर्डावर पाळीपाळीने त्यांना चार्जिंगला लावायची. रोवणी संपली, धान पोटरीत आलं, पण पोरं परतली नाहीत. घरबसल्या हजेरी लागते म्हटल्यावर सायकल मारायची कोणाला हौस आहे?

सर तासाला दारात येत. समोर रिकामे बाक, पहिल्या बाकावर रीता आणि तिच्या पायाशी थैला. सर एकदा बाकांकडे बघत, एकदा मोबाइलकडे. मोबाइल सांगे, वर्ग भरलेला आहे. "छान, सगळे आहेत," म्हणून सर मागच्या पावली परत. या माणसाला डोळे दिले कशाला, असं रीताला रोज वाटायचं.

"सर, थोडं समजावून द्या ना," ती मागे धावायची.

"ॲपवर टाकलं आहे. बघून घे."

मग तिने बघितलं. स्वतःचा फोन नाही, तर थैल्यातले कुठे पळून चालले होते? एक दिवस अल्काच्या फोनवर धडा ऐकायचा, एक दिवस ओमेशच्या. घरघरीतून न कळलेलं वाचनालयातल्या पुस्तकात हुडकायचं. एकदा का तिला धडा समजला, की तेच उत्तर ती सगळ्यांच्या फोनात भरायची. उत्तराविना बाकीच्यांची नावं ॲपवर लाल राहिली तर त्याचंही तिला वाईट वाटायचं. तेवढी ती भोळी होती. ॲपवर सगळा वर्ग हुशार झाला, एकटी रीता सोडून. तिच्या नावापुढे जूनपासून शून्यच होतं.

सरांच्या अंगावर त्या आकड्यांनी मूठभर मांस चढलं. नागपूरच्या परिसंवादात ते आलेख दाखवून आले. मोबाइलवरून शिकवण्याचा कसलासा पुरस्कार होता, त्यासाठी अर्ज गेला आणि एका सकाळी समितीची गाडी कॉलेजच्या दारात येऊन थांबली. सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. समितीला प्राचार्यांच्या खोलीत चहा मिळाला, पण चहा तो किती वेळ पुरणार? सर समितीला घेऊन वर्गाकडे चालता चालता खिशातल्या खिशात ॲपवरून सूचना सोडत होते, 'सर्व विद्यार्थ्यांनी ताबडतोब वर्गात हजर व्हावे.'

दार उघडलं. रिकामे बाक, रीता, थैला. आणि थैला वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग. एक थांबला की दुसरा, कुठला बारीक तर कुठला कोकलणारा. वर्ग शंभर टक्के हजर होता, सरांच्या हाकेला ओ देत होता.

समितीचे अध्यक्ष थैल्याकडे बघत राहिले. "हे काय आहे?"

लाज असती तर सर तिथेच खाली बसले असते. पण ते म्हणाले, "सर, ही आमची फिरती मोबाइल प्रयोगशाळा. गावागावांतून साधनं एकत्र आणतो आम्ही."

"वा!" अध्यक्षांनी ते टिपून घेतलं. त्यांना जेवायची घाई होती. मग दाखवायचं म्हणून त्यांनी रीताचं नाव विचारलं आणि सरांच्या मोबाइलवर शोधलं. "अरे, ही मुलगी तर कधी येतच नाही?"

रीता सरांकडे बघत होती. 'शेवटी मी हाताने टाकतो' म्हणाले होते, तो हात सरांनी हळूच खिशात घातला.

"अनियमित आहे, सर. काय करणार! खेड्यातल्या मुली..."

"मंग हा थैला कोनं आणला, सर?" रीता म्हणाली.

पण समिती तोवर दाराबाहेर पडली होती.

आठवड्याच्या आत फलक लागला. परीक्षेला बसता येणार नाही अशा विद्यार्थ्यांत एकच नाव होतं. रीता स्टाफरूममध्ये गेली.

"सर, तुमी शब्द देल्ला होता."

"अगं, समितीने शून्य बघितलं ना! आता टाकली तर मलाच विचारतील. पुढच्या वर्षी बस. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! बांध्यांमधून, चिखलातून, एक दिवस न चुकता आलेल्या पोरीला हा माणूस खुर्चीत रेलून हे सांगत होता. रीताला रडू आलं नाही, संताप आला. ती थैला घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी गेलीच नाही.

त्या दिवशी ॲपवर अख्खा वर्ग गैरहजर होता. दुसऱ्या दिवशीही तसाच. आणि पुरस्कार जाहीर करण्याआधी समिती नागपुरातून रोजचे आकडे बघणार होती! सरांनी पोरांना फोन लावले. सगळ्यांनी रीताकडे बोट दाखवलं. मग धुरपताबाईंचा बटणांचा फोन वाजला.

"रीता, अगं दोन दिवस आली नाहीस?"

"मी कधी येत होती, सर?" ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी सरांची मोटारसायकल गावात शिरली. टोलीवरच्या सगळ्या वस्तीने वळून पाहिलं. घामेजलेल्या सरांना धुरपताबाईंनी पाणी दिलं. सरांनी खिशातून कागद काढला. रीता टेंभुर्णे पहिल्या दिवसापासून नियमित हजर होती, फोनअभावी नोंद राहून गेली, तिला परीक्षेला बसू द्यावं. खाली सरांची सही, प्राचार्यांचा शिक्का. हाताने टाकायला एवढाच वेळ लागत होता.

"आता उद्यापासून ये बरं, बेटा," सर लाडाने म्हणाले. "आपला वर्ग आहे तो."

रीताने कागद दोनदा वाचला, घडी घालून आईच्या हातात दिला. मग आत जाऊन थैला आणला आणि सरांच्या मांडीवर ठेवला.

"मी येईन, सर. पन हा तुमचा वर्ग तुमीच घेऊन जा. सगळे हजर आहेत. आता शिकवा या पोरायले."