आप्पांच्या सभेतला माईक

मी पॉवरलूमचा फिटर. यंत्र बंद पडलं की कारण सापडेपर्यंत ते खोलत बसायचं, हा माझा स्वभाव. भूतखेत, संकेत असलं काही सांगणाऱ्यांची मी कायम टिंगल केली... आणि आज स्वतःच लिहायला बसलोय.

गोष्ट सुरतची, आमच्या लिंबायतमधली. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची. माझे थोरले भाऊ, आप्पा, कॉलेजात प्राध्यापक होते. विषय — वक्तृत्वाचा इतिहास. जुन्या काळी लोक दरबारात, कीर्तनात, पंचायतीत आपलं म्हणणं कसं पटवायचे, यावर त्यांनी उभी हयात काम केलं. मी एकदा विचारलंही होतं, "आप्पा, बोलण्याचा कसला आलाय इतिहास?"

ते हसले. "शेठकडे सुट्टी मागताना तू आधी आईचं दुखणं सांगतोस, मग सुट्टीचं काढतोस. ही रीत तुला कुणी शिकवली? तेच शोधतोय मी."

आप्पा गेल्यावर महिनाभराने, एका रविवारी दुपारी, आम्ही खानदेशी मंडळींनी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. भिंतीपलीकडेच लूमचा कारखाना. तासभर बंद ठेवा म्हणून शेठला विनवलं, तर म्हणाला, "ऑर्डर अर्जंट छे, भाई." कॉलेजचे दोन प्राध्यापक बोलले, पण त्या खटखटाटात माईक असूनही मागच्यांना एक अक्षर कळेना. माणसं उठायला लागली. मला मान वर करवेना. बोलण्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाची सभा, आणि ऐकूच येऊ नये?

तेवढ्यात वहिनी उठल्या. चौथी शिकलेल्या, स्टेजवर कधी न चढलेल्या. त्यांनी माईक धरला आणि — लाईट गेली.

पंखे थांबले. लूम थांबले. लिंबायतमध्ये भरदुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आणि माईक चालू! अॅम्प्लिफायरचा लाल दिवा तसाच जळत होता.

वहिनी आप्पांविषयी बोलल्या, आमच्या अहिराणीत. "दरबारमा लोके कसा बोलेत ते समदासनी लिखं. आपला बाप पंचायतमा कसा बोले, ते यासनी लिखं!"

उठलेली माणसं जागच्या जागी बसली. अंगाला धाग्यांची तुसं लागलेले कारागीर बाहेर येऊन खिडक्यांशी उभे राहिले. प्राध्यापक मंडळी पुढे वाकून ऐकत होती. चांगली वीस मिनिटं वहिनी बोलल्या, एकदाही न अडखळता. शेवटी हात जोडले... आणि पंखे फिरले, लूम पुन्हा सुरू झाले.

मी धावत माईकवाल्याकडे गेलो. तो घामाघूम. "काका, बॅटरी तो घरे छे. आ तो लाईट पर ज चाले!" मी स्वतः वायर हाताने चाचपत गेलो — शाळेच्याच बोर्डात होती. जनरेटर नाही, दुसरी लाईन नाही. गल्लीत विचारलं, सगळीकडे लाईट गेली होती. पुढे कितीतरी इलेक्ट्रिशियनना विचारलं. मशीनमध्ये साठलेला करंट दोन-चार सेकंद टिकेल, म्हणतात. वीस मिनिटं?

वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "माले काय माहीत, भाऊ? मन्हं ध्यान लोकेसकडे व्हतं."

कारण मला अजून सापडलेलं नाही. पण माझी वहिनी बोलत होती आणि अख्खं लिंबायत गप्प राहून ऐकत होतं, एवढं मात्र मी छाती फुगवून सांगतो.