अखंड चाचणी

सीमेवरच्या ठाण्यांसाठी टेहळणीची यंत्रणा बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी होते. ठिकठिकाणचे कॅमेरे आणि त्या सगळ्यांची चित्रं एका पडद्यावर आणणारं अवाढव्य सॉफ्टवेअर. ते लिहिणारे पुष्कळ होते. त्यावर शंका घेणं हे माझं काम. शंकेखोरपणाचा पगार मिळतो म्हणून घरचे हसत. ऑफिसात कुणी हसत नसे.

यंत्रणा बरेच दिवस सलग चालली की पडद्यावरचं चित्र मागे पडतं, असा मला संशय होता. म्हणजे आत्ताचं म्हणून जे दिसतं, ते काही मिनिटांपूर्वीचं. बंद करून चालू केली की पुन्हा सगळं ठाकठीक. हे पकडायचं तर ती महिनाभर अखंड चालवायला हवी होती. भांडून भांडून मी ती चाचणी पदरात पाडून घेतली. काही आठवडे गेले आणि चित्र किंचित रेंगाळायला लागलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग खंडेनवमी आली. सकाळी कर्वेनगरहून पोचते तो मशीनला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ, आणि त्यावरचे सगळे दिवे विझलेले.

"बंद कुणी केलं?" मी ओरडलेच.

"अहो मॅडम, चालू मशीनची पूजा करतात का?" आमचे साहेब म्हणाले. "वर्षातून एक दिवस त्यालाही विश्रांती. पेढा घ्या."

दसऱ्यानंतर चालू केलं, तर चित्र अगदी टवटवीत. माल द्यायची तारीख तोंडावर, त्यामुळे पुन्हा महिना कोण देतंय! साहेबांनी अहवालात पूजेआधीचे आणि नंतरचे दिवस जोडले आणि महिना भरला म्हणून लिहिलं. सकाळी उपास, दुपारी आमटीभात, संध्याकाळी परत उपास, आणि म्हणे एकादशी घडली! मी सही करणार नाही म्हणाले.

"तुमच्यावाचून अडलेलं नाहीये," साहेब म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी सही केली. मला राग त्यांचा नाही आला, पेन माझंच मागून घेतलं त्याचा आला.

माझ्या शंकेची दखल मात्र घेतली गेली. माहितीपुस्तिकेत एक ओळ वाढली, की यंत्रणा आठवड्यातून एकदा बंद करून चालू करावी. चूक दुरुस्त करण्यापेक्षा तिचा नियम करणं सोपं. आणि मला चाचणीतून उचलून प्रशिक्षणाला टाकलं. म्हणजे ती ओळ जवानांना वाचून दाखवायला मीच!

पहिल्याच तुकडीत साताऱ्याकडचे एक सुभेदार होते. ती ओळ ऐकून त्यांनी हात वर केला.

"परत चालू व्हायला किती येळ लागतो?"

"वीसेक मिनिटं."

"तवर बघायचं कुणी?"

मागे बसलेले साहेब मदतीला धावले. "जरा शांत असेल तेव्हा करायचं, सुभेदारसाहेब."

"शांत हाय का न्हाई, ते बघायलाच तर हे यंत्र हाय, साहेब."

वर्ग हसला. सुभेदार हसले नाहीत. चहाच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले आणि बंद केलंच नाही तर काय होतं, असं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी माणूस तारंपाशी आलेला आसंल, आन पडद्यावर तार मोकळी?"

"हो."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"होतं. म्हणूनच मी सही केली नाही." हे वाक्य कुणाला तरी सांगायला मी किती महिने जपून ठेवलं होतं! बोलताना मान ताठ झाली होती माझी.

सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"सही केली न्हाई ते ब्येस केलं, मॅडम. पर यंत्र तर आलंच की आमच्याकडं."

ते वर्गात जाऊन बसले. मीही गेले, आणि पुढचं पान शिकवायला घेतलं.